उष्टावणाचं पाणी



आपल्याकडे सहाव्या महिन्यात बाळाचं उष्टावण होतं. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीची वाटी, खीर, फोटो. वाटी कुणी आणायची, अंगठीने चाटवायचं की चमच्याने, यावर घरात तासभर चर्चा होते. पण त्या खिरीत आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू होणाऱ्या पेजेत, वरणाच्या निवळीत जे पाणी पडतं ते कुठलं, हे कुणी विचारत नाही. पुण्या-मुंबईत नाही विचारलं तरी एक वेळ चालेल. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, चंद्रपुरात, नांदेडच्या किनवटकडे मात्र हे विचारायलाच हवं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वाद घालायचा त्यांना सोयीचं पडेल. ज्या गावात हापशीच्या पाण्यात फ्लोराईड आहे, त्या गावातल्या चांगल्या पाण्यावर पहिला हक्क उष्टावणापासून तिसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या मुलांचा असला पाहिजे. शाळेचा त्यानंतर. ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यातल्या थंड पाण्याच्या मशीनचा तर सगळ्यात शेवटी. सगळं आयुष्य शाळेत गेलेली बाई हे म्हणते आहे, हे लक्षात घ्या.

मी काही विज्ञानाची शिक्षिका नव्हे. बी.ए. झाले ते मराठी घेऊन. १९७४ साली पांढरकवड्याच्या पलीकडच्या एका गावात शाळेवर रुजू झाले तेव्हा बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या. त्या दुष्काळाने महाराष्ट्रात दोन गोष्टी रुजवल्या. एक रोजगार हमी, दुसरी बोअर. यंत्र आणायचं, खडकात खोल भोक पाडायचं, वर हातपंप बसवायचा. युनिसेफची मदत होती. आज देशभर दिसणारा ‘इंडिया मार्क टू’ हातपंप ज्याच्यावरून बेतला तो पंप आपल्या सोलापूरचा, हे फार थोड्यांना माहीत असतं! आणि हापशीने उपकारच केले. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरायचे, तेच पाणी प्यायचे, आणि नारू व्हायचा. पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा, तो काडीवर थोडा थोडा गुंडाळत ओढायचा, तुटला तर आणखी हाल. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात हापशीचा वाटा मोठा. तेव्हा हापशीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही.

पण खडकात पाणी जितकं खोल आणि जितका जास्त काळ राहतं तितके खडकातले क्षार त्यात उतरतात. ज्या खडकात फ्लोराईडची खनिजं आहेत तिथे फ्लोराईड उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उलट असं पाणी बहुतेकदा हलकं असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम कमी असतं, आणि हलक्या पाण्यात डाळ पटकन शिजते. त्यामुळे गावातल्या बाया पाण्याची परीक्षा डाळीवरून करायच्या आणि नेमकी तीच हापशी पहिल्या नंबरात पास व्हायची.

हे काही नवीन कळलेलं नाही. १९३७ मध्येच तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर जिल्ह्यातून फ्लोराईडच्या आजाराची नोंद झाली. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ने सत्तरच्या दशकात तुरटी आणि चुना वापरून फ्लोराईड काढायची पद्धत बसवली. तिला नाव मिळालं नलगोंडा पद्धत. महाराष्ट्रातल्या गावांचा प्रश्न पुढे राष्ट्रीय हरित लवादापर्यंतही गेला. म्हणजे माहिती आहे, संस्था आहेत, कागद आहेत. असो.

आता दातांकडे येते, कारण माझा संबंध तिथून आला. वर्गाचा फोटो काढायचा म्हटलं की आमच्याकडच्या मुली ओठ मिटून उभ्या राहायच्या. फोटोवाला म्हणायचा, हसा. कुणी हसायचं नाही. हसल्याच तर हात तोंडावर. पुढच्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे पट्टे, मग पिवळे, मग तपकिरी. एक अधिकारी तपासणीला आले तेव्हा भर वर्गात म्हणाले, “या गावात दात घासायची पद्धत नाही का?” एक चुणचुणीत मुलगा उठून म्हणाला, “सर, राखुंडीनं घासतो ना, रोज.” खरं होतं ते. घासून घासून हिरड्या सोलायच्या पोरं, पण डाग जायचा नाही. मळाचा डाग हिरडीच्या कडेला साचतो आणि खरवडला तर निघतो. हा डाग दातावर आडवा असतो आणि डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखाच असतो, कारण जोडीचे दात एकाच वेळी घडतात. डाग वरून लागलेला नसतोच. दात आत घडतानाच बिघडलेला असतो.

आणि ‘आत घडताना’ म्हणजे केव्हा, इथेच सगळी मेख आहे. पुढचे कायमचे दात तोंडात दिसतात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान. पण त्यांच्यावरचं कवच हिरडीच्या आत तयार होत असतं ते जन्मानंतर काही महिन्यांपासून. आणि फ्लोराईडचा सर्वांत जास्त दणका बसतो तो साधारण दीड ते अडीच वर्षांच्या आसपास. म्हणजे दुसरीतल्या मुलाच्या दातावर जे दिसतं ते तो रांगत होता, धडपडत चालत होता, तेव्हाच्या पाण्याचं लिखाण असतं. त्यातून फसवणूक अशी की दुधाचे दात बरेचसे आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात घडतात, त्यांच्यावर खूण कमी उमटते. ते छान पांढरे येतात. आईबाप निश्चिंत.

मागच्या वर्षी एका लग्नात माझी जुनी विद्यार्थिनी भेटली. पदर तोंडाशी धरून बोलायची सवय तशीच आहे. हिच्या लग्नाच्या वेळी दोन ठिकाणांहून मुलगी बघून नकार आला होता, कारण कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. कडेवर सव्वा वर्षाची मुलगी. मला म्हणाली, “बाई, हिचे दात त मोत्यावानी हायेत पाहा. मंग माह्यावानी नाही ना होणार?” मंगल कार्यालयाच्या गोंगाटात मी तिला विचारलं, पाणी कुठलं? म्हणाली, “हापशीचंच. शाळेत मशीन लागली हाये, पण तिथलं पोरायसाठी हाये.”

पोरायसाठी! आणि कडेवर होतं ते कोण?

फळ्यावर मांडून दाखवते, त्रैराशिकाएवढंच सोपं आहे. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५ च आहे. आता दोन वर्षांचं, दहा किलोचं मूल घ्या. अर्धा लिटर पाणी ते पितं. पेज, खिचडी, भात, वरण यांतून आणखी पाव लिटरभर पाणी तरी पोटात जातं, कारण भात आटवून केला की पाण्यातलं सगळं फ्लोराईड भातातच राहतं. पाऊण लिटर झालं. गुणिले १.५, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या वर. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९७ मध्ये आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वरची मर्यादा घालून दिली, ती वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला एक मिलिग्रॅम. म्हणजे ‘चालेल’ म्हटलेल्या पाण्यानेच या मुलाची हद्द ओलांडली! हापशीत ३ मिलिग्रॅम असेल तर दुपटीहून जास्त. आणि हा हिशेब चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्याचा नाही, तेव्हा मूल किती पाणी पितं ते आयांना विचारा. अमेरिकेने १९६२ साली पाण्यातल्या फ्लोराईडचं प्रमाण ठरवलं होतं तेव्हा थंड प्रदेशाला जास्त आणि उष्ण प्रदेशाला कमी असं हवेच्या तापमानावर ठरवलं होतं. आमच्या विदर्भाला नांदेडला दिल्ली-शिमल्याचाच आकडा.

मोठ्या माणसाला मर्यादेतलं पाणी तितकं बाधत नाही याचं एक कारण त्याचं वजन. साठ किलोचा शेतकरी तेच पाणी तीन लिटर प्यायला तरी किलोमागे त्याच्या वाट्याला या लेकराहून कमीच येतं.

आता सरकारी बाजू बघा. फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू झाला. चांगला कार्यक्रम आहे. त्यात सर्वेक्षण कुणाचं? सहा ते अकरा वर्षांच्या शाळकरी मुलांच्या दातांचं. गावाची पाहणी म्हणून ते बरोबरच आहे, दात बघितले की गाव कळतं. पण उपायही त्याच वाटेने शाळेत जातात, कारण शाळेला इमारत आहे, वीज आहे, फीत कापायला अंगण आहे. त्यामानाने अंगणवाडी दुबळी. तिथेही तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम शिजवलेलं जेवण मिळतं, ते चांगल्या पाण्यात शिजवता येईल. पण सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना मिळतो घरी न्यायचा शिधा. तो घरी, घरच्या चुलीवर, घरच्या हंड्यातल्या पाण्यात शिजतो. ज्या वयात दात घडतात नेमकं ते वय शाळेच्याही बाहेर आणि अंगणवाडीच्या पातेल्याच्याही बाहेर!

म्हणून मी म्हणते, पाणी घरी पोचलं पाहिजे. आणि पाणी लागतं किती? लेकराचं पिणं आणि त्याच्यापुरतं शिजवणं, एक लहान कळशी. पाच लिटर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या नियमांतही, जिथे पाणी दूषित आहे आणि नळयोजनेला वेळ लागणार आहे तिथे माणशी रोज ८ ते १० लिटर शुद्ध पाणी पिण्या-स्वयंपाकासाठी द्यावं असं आहे. अख्ख्या गावाला ते मिळेल तेव्हा सोन्याहून पिवळं. पण मशीन अर्धा दिवस चालते, मेम्ब्रेन बदलायला पैसे नाहीत, बिल थकलं की कुलूप, हे मी एकाहून अधिक गावांत पाहिलं आहे. पाणी कमी असेल तेव्हा ओळ कुणापासून लावायची, एवढाच माझा प्रश्न आहे. आशाताईंच्या वहीत गावातल्या प्रत्येक बाळाची जन्मतारीख असते. त्या वहीवरून तीन वर्षांखालच्या घरांना कळशीचं कार्ड द्यायला किती कष्ट आहेत?

आमच्या एका नातेवाइकांनी फोनवर सुनावलं, “अगं दातांचा डाग म्हणजे काय, दिसण्याचा प्रश्न. तिकडे लोकांना पाणीच नाही.” डागामुळे नकार आलेल्या मुलीला हे सांगून बघा. पण दिसण्यावरच भागत नाही. जास्त फ्लोराईड वर्षानुवर्षं गेलं की हाडांत साठतं, पाठ, गुडघे आखडतात. नलगोंड्याकडे मुलांचे गुडघे आत वळून पाय फेंगडे झाल्याचं १९७३ मध्येच शास्त्रज्ञांनी नोंदवलं. आणि अलीकडे, ऑगस्ट २०२४ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने जगभरचे अभ्यास तपासून सांगितलं की लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराईडच्या पाण्याचा मुलांच्या बुद्ध्यांकाच्या घटीशी संबंध दिसतो. ‘मध्यम खात्री’ असे त्यांचे शब्द आहेत, तेव्हा मी त्याहून मोठ्याने ओरडणार नाही. पण शिक्षिकेच्या कानाला हे वाक्य टोचतंच.

यावर आमचा अमेरिकेतला भाचा म्हणाला, “मावशी, आमच्याकडे तर नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराईड घालतात!” घालतात खरं. १९४५ पासून, दात किडू नयेत म्हणून. २०१५ पासून तिथलं प्रमाण लिटरमागे ०.७ आहे. त्यावरही तिथे भांडण पेटलेलं आहे, २०२५ मध्ये युटा राज्याने ते घालणंच बंद केलं. ते भांडण त्यांचं त्यांना लखलाभ. मीठ वरणात चिमूटभर हवं, म्हणून कुणी मूठभर घालत नाही. आमच्याकडे मूठ पडली आहे.

शहरातल्या मंडळींनी मात्र निश्चिंत होऊ नये. त्यांच्या घरी फ्लोराईड येतं ते ट्यूबमधून. आपल्याकडच्या टूथपेस्टमध्ये ते दशलक्ष भागांत १००० भागांपर्यंत असू शकतं, म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पट्टी दाखवतात ती साधारण ग्रॅमभर होते. स्ट्रॉबेरीच्या चवीची पेस्ट दोन वर्षांचं मूल थुंकत नाही, गिळतं. झाला दिवसाचा कोटा! तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, असं दंतवैद्य सांगतात. नव्या कॉलनीत बोअरचं पाणी असेल तर तेही तपासून घ्या. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बाटली नेऊन दिली की झालं.

काही गैरसमजांबद्दलही बोलायला हवं. “आम्ही बाळाला उकळूनच पाणी देतो” असं मोठ्या अभिमानाने सांगतात. जंतूंसाठी उत्तम. फ्लोराईड मात्र उकळून जात नाही, वाफ होते पाण्याची, उरलेलं अधिकच दाट होतं. कँडलचा फिल्टर, यूव्हीचं मशीन, तुरटीचा खडा फिरवणं, यांनी ते जात नाही. आर.ओ.ने जातं, किंवा अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाच्या फिल्टरने.

आणि चहा. चहाचं झाड मातीतलं फ्लोराईड पानात साठवतं, त्यामुळे साध्या पाण्यात केलेल्या चहातही ते उतरतं. हापशीच्या पाण्यात केला तर दोन्हीची बेरीज. आमच्याकडे मजुरीला जाणारी आई सकाळी लेकराला कोऱ्या चहात पोळी बुडवून देते, दूध परवडत नाही म्हणून. तिला दोष देणाऱ्याने एक दिवस तिच्या चुलीपाशी बसावं. तेच दूध असतं तर त्यातल्या कॅल्शियमने फ्लोराईडला थोडं तरी अडवलं असतं. गरिबाच्या मुलाला तो जास्त भोवतो, तो असा. दिल्लीच्या एम्समध्ये या आजारावर वर्षानुवर्षं काम केलेल्या डॉ. ए. के. सुशीला चहाबरोबर काळं मीठ आणि सैंधवही टाळा असं सांगतात. भाज्यांत शेवग्याचा पाला, आणि पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारा तरोटा. कोवळा तरोटा कॅल्शियमने भरलेला असतो. आवळ्याचं क जीवनसत्त्वही उपयोगी. पण भाजी हा जोडीचा उपाय, पाण्याची जागा ती घेत नाही.

एक मोठी सोय निसर्गानेच केली आहे ती म्हणजे आईचं दूध. आईच्या पाण्यात फ्लोराईड असलं तरी दुधात ते अगदी नगण्य उतरतं. म्हणून पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणी नको, हा डॉक्टरांचा आग्रह आमच्या भागात दुप्पट खरा. डब्याची पावडर हापशीच्या पाण्यात कालवली की ती सोय गेली. धोका सुरू होतो तो उष्टावणाच्या दिवशी.

दुसरी सोय पावसाची. पावसाच्या पाण्यात फ्लोराईड जवळजवळ नसतंच. आमच्याकडे वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहा फूट बाय दहा फुटांच्या पत्र्यावर तेवढ्यात आठ हजार लिटर पाणी पडतं. लेकराला रोजचे पाच लिटर धरले तर वर्षाचे होतात अठराशे पंचवीस. म्हणजे दोन हजार लिटरची एक टाकी आणि पन्हळ. विद्यार्थिनीच्या नवऱ्याला मी हा हिशेब कार्यालयातच पत्रिकेच्या मागे लिहून दिला. त्याने टाकीची किंमत विचारली, मग बायकोकडे बघितलं, आणि म्हणाला, दोन-तीन घरांत मिळून एक घेतली तर? छान कल्पना. त्यांच्या गल्लीत तीन वर्षांखालची चार मुलं आहेत, तेव्हा टाकी मोठी लागेल आणि पत्राही. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, पत्रा धुऊन निघतो. टाकीवर ऊन येऊ द्यायचं नाही, नाहीतर शेवाळ धरतं. हे पाणी मात्र उकळून द्यायचं, त्यात दाट व्हायला काही नसतं. आणि टाकीचं तोंड जाळीने घट्ट बांधायचं, डास होतात.